बाबांच्या तक्त्यातला नवा रकाना

आम्हा बडोद्याच्या मराठी लोकांना दाराबाहेरच्या पाटीचं भारी वेड. पाटीवर नाव असतंच, पण खरी गंमत नावाच्या पुढे. आमच्या आधीच्या पिढ्यांनी संस्थानात नोकऱ्या केल्या, कचेऱ्या सांभाळल्या, शाळांतून शिकवलं. त्यांच्या पाट्यांवर बी.ए., एलएल.बी. अशी अक्षरं असायची आणि पुढे कंसात ‘बडोदे’. संस्थान गेलं, त्या नोकऱ्या गेल्या, पाट्यांची सवय मात्र राहिली. लहानपणी कुणाकडे गेले की मी बेल वाजवायच्या आधी पाटी वाचायची आणि आत गेल्यावर किती नीट बसायचं ते त्यावरून ठरवायची.

आमच्या दारावर प्लॅस्टिकची पाटी होती आणि तिच्यावर नुसतं बाबांचं नाव. पुढे काही नाही.

बाबा मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात हत्यारं आणि साचे बनवायच्या टूलरूममध्ये होते. सकाळी कंपनीची बस त्यांना घेऊन जायची ती संध्याकाळीच आणून सोडायची. त्यांचा हात इतका अचूक की नाजूक काम आलं की साहेब थेट त्यांच्या टेबलाशी यायचे. शिक्षण किती, असं कुणी विचारलं की बाबा म्हणायचे, “इंटरपर्यंत.” हे ‘पर्यंत’ म्हणजे काय ते मला आत्यानं सांगितलं. इंटर सायन्सला, म्हणजे तेव्हाच्या कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला, ते दोनदा नापास झाले होते. मी एकदा जेवताना त्यांना हे विचारलं, तेव्हा ते भरल्या ताटावरून उठले. आईनं माझ्याकडे असं पाहिलं की पुढे कित्येक वर्षं ‘नापास’ हा शब्द मी घरात काढला नाही.

बाबांना एकच छंद होता आणि तो जगावेगळा होता. राष्ट्रपती कुठल्या कॉलेजात शिकले याची ते नोंद ठेवायचे. खाकी कागदाचं कव्हर घातलेली दोनशे पानी वही आणि तिच्यात पट्टीनं आखलेले रकाने: नाव, कॉलेज, विषय, पदवी. शेवटचा रकाना होता ‘मध्येच सोडलं का?’. रविवारी सकाळी ते सायकलवरून गावातल्या वाचनालयात जायचे आणि चरित्रं, जुनी वर्तमानपत्रं चाळत बसायचे. आधी फक्त आपल्या देशाचे राष्ट्रपती होते. मग घरी केबल आली, जगाच्या बातम्या यायला लागल्या आणि बाबांच्या वहीत परदेशांचे राष्ट्राध्यक्षही येऊन बसले. कुणी कायदा शिकलेलं, कुणी तत्त्वज्ञान, कुणी घरची परिस्थिती नसताना दुसऱ्या गावी राहून शिकलेलं. नावं मी इथे देत नाही. बाबांनाही नावात फारसा रस नव्हता. एखाद्यानं कॉलेज मध्येच सोडलं होतं असं सापडलं की त्या दिवशी ते घरी येताना फाफडा-जिलेबी आणायचे.

या वहीवरून दरवर्षी सव्वीस जानेवारीला एक मोठा तक्ता बनायचा. आमची समा भागातली सोसायटी तीन मजली, बहुतेक घरं गुजराती. झेंडावंदनानंतर बाबा मुलांची प्रश्नमंजूषा घ्यायचे. तक्ता गुजरातीत असायचा, कारण मुलं गुजरातीच वाचायची. मी तो मोठ्यानं वाचून दाखवायची, मग तक्ता उलटा करायचा आणि बाबा प्रश्न विचारायचे. बरोबर उत्तराला कंपासपेटी. सोसायटीचे सेक्रेटरी काका, निवृत्त पोस्टमास्तर, दरवर्षी पुढच्या खुर्चीत बसायचे आणि मुलांच्या आधी स्वतःच उत्तरं द्यायचे.

मी सहावीत असताना सव्वीस जानेवारीच्या आदल्या दिवशी बाबा जमिनीवर ड्रॉइंग पेपर पसरून तक्ता रंगवत होते. आई फरशी पुसत तिथपर्यंत आली आणि फडकं हातात धरून तक्ता वाचत उभी राहिली.

“अहो,” ती म्हणाली, “यांच्या बायका कुठे शिकल्या?”

“कुणाच्या?”

“या सगळ्यांच्या. त्यांचा रकाना कुठंय?”

बाबांनी ब्रश खाली ठेवला. “ते कुठे मिळत नाही गं.”

“मिळत नाही, की बघितलं नाही?” एवढं बोलून ती पुढची फरशी पुसायला गेली.

आईचं माहेर पादऱ्याचं. तिथून रोज सकाळच्या एसटीनं ती बडोद्याला कॉलेजला यायची. एक वर्ष झालं, चांगल्या मार्कांनी झालं. दुसऱ्या वर्षी स्थळ आलं आणि मुहूर्त निघाला तो परीक्षेच्या पंधरा दिवस आधीचा. परीक्षा झाल्यावर लग्न करू असं म्हणायचं कुणाला सुचलं नाही. बाबांनाही नाही. हे सगळं मला माहीत होतं, पण लग्नात कुणाची बांगडी हरवली ही गोष्ट जशी माहीत असते तसं. त्या दिवशी फरशी पुसणाऱ्या आईच्या पाठीकडे बघताना मला पहिल्यांदा वाटलं की तिला ते अजून सलतंय.

बाबांनाही ते लागलं असावं. पुढच्या रविवारी ते वाचनालयातून परत आले ते दोनच नोंदी घेऊन. दोन राष्ट्राध्यक्षांच्या बायकांचं शिक्षण सापडलं होतं, बाकीच्यांविषयी पुस्तकं गप्प होती. त्यांनी ते आईला सांगितलं. आई म्हणाली, “राहू द्या. मी फॉर्म आणलाय.”

विद्यापीठाचा बाहेरून बी.ए.ला बसायचा फॉर्म होता तो. तिनं कुणालाही न विचारता रिक्षानं जाऊन आणला होता. तीन वर्षं पहिल्यापासून करायची, विषय मराठी आणि बरोबर सक्तीचं इंग्रजी. बाबा फॉर्म वाचत बसले आणि मग एवढंच म्हणाले, “फोटो लागेल तुझा.”

पुढची तीन वर्षं आमच्या घरात एकाच वेळी दोन विद्यार्थिनी होत्या आणि त्यातली धाकटी जास्त आळशी होती. आई दुपारी अभ्यास करायची. ओट्याच्या वर फडताळाला चिमट्यांनी कागद लावलेले असायचे आणि पोळ्या लाटताना ती ते पुटपुटत राहायची. शेजारच्या बेन यायच्या, “शुं करो छो, भाभी?” असं विचारायच्या आणि जुन्या मराठी कवितेच्या चार ओळी ऐकून परत जायच्या. पहिलं वर्ष गेलं, दुसरं गेलं, ती पास होत गेली. मला तिचा अभिमान वाटायचा आणि रागही यायचा, कारण माझे मार्क कमी पडले की ती तिची मार्कशीट काढून शेजारी ठेवायची. हा खरोखर अन्याय होता.

त्याच काळात बाबांच्या कारखान्याचं वारं बदललं. बाहेरच्या देशातल्या कंपनीशी करार झाला, कॉम्प्युटरवर चालणारी मशिनं आली आणि सुपरवायझरच्या जागेसाठी ग्रॅज्युएट असणं आवश्यक ठरलं. बाबांनी ज्याला कानस धरायला शिकवलं होतं असा एक इंजिनिअर त्यांचा साहेब झाला. बाबा घरी येऊन म्हणाले, “पोरगा चांगला आहे.” चहा प्यायले आणि वही काढून बसले.

आईची तिसऱ्या वर्षाची परीक्षा एप्रिलमध्ये झाली. शेवटच्या पेपरहून ती आली ती हसतच. निकाल जूनमध्ये लागायचा होता. आणि मे महिन्यात बाबांनी जो घोळ घातला तो फक्त आमच्यासारख्या पाटीवेड्या घरातच होऊ शकतो.

टूलरूममध्ये धातूवर अक्षरं कोरायचं एक जुनं मशीन होतं. बाबा त्याच्यावर वीस वर्षं काम करत होते. नवी मशिनं आली तेव्हा ते भंगारात निघालं, महिनाअखेर ट्रक येऊन नेणार होता. बाबांनी त्या तरुण साहेबाला विचारून पितळेचा एक तुकडा घेतला आणि सुट्टीनंतर थांबून पाटी कोरली. वर त्यांचं नाव, पुढे काही नाही. खाली आईचं नाव आणि पुढे बी.ए., मग कंसात बडोदे. अक्षरं इतकी सुरेख की बोट फिरवावंसं वाटावं. निकालाला अजून वेळ होता, पण मशीन निकालासाठी थांबणार नव्हतं. आणि आई नापास होईल हे बाबांच्या स्वप्नातही आलं नाही.

निकालाच्या दिवशी आई आणि मी विद्यापीठात बोर्ड बघायला गेलो. आम्ही घराबाहेर पडल्या पडल्या बाबांनी प्लॅस्टिकची पाटी उतरवली, खिळा ठोकून भोकं पाडली आणि पितळी पाटी स्क्रूनं बसवली. ठोकल्याचा आवाज ऐकून मजल्यावरचे लोक आले, त्यांना पेढे मिळाले आणि अर्ध्या तासात सोसायटीभर झालं.

तिकडे बोर्डावर आईचा नंबर नव्हता. कार्यालयातून कळलं की इंग्रजीचा पेपर चार मार्कांनी राहिलाय. बाकी सगळे विषय सुटले होते. तो एकच पेपर ऑक्टोबरमध्ये पुन्हा देता येणार होता. रिक्षात आईनं पदर नीट केला आणि सरळ समोर बघत बसली. मी तिचा हात धरला तर तिनं तो काढून घेतला नाही, पण दाबलाही नाही.

जिना चढताना वरून सेक्रेटरी काकांचा आवाज आला, “अभिनंदन, भाभी! पेंडा खाधा!” मग दारात बाबा, त्यांच्या हातात पेढ्यांचा डबा, आणि त्यांच्या डोक्यामागे ती पाटी. आईनं पाटी वाचली. मग तिनं सगळ्यांसमोर, अगदी साध्या आवाजात सांगितलं की इंग्रजी राहिलंय.

बाबांचा चेहरा मी विसरू शकत नाही. ते वळले, पेचकस आणला आणि पाटी काढायला लागले. त्यांचा हात, तो कधी न चुकणारा हात, स्क्रूवरून तीनदा घसरला.

“काढू नका,” आई म्हणाली.

“अगं, लोक हसतील.”

“आता काढलीत तर हसतील. मी सोडून दिलं असं वाटेल.” ती आत गेली आणि औषधाच्या डब्यातली चिकटपट्टी घेऊन आली. जखमेवर लावतो ती. दातांनी तोडून तिनं एक तुकडा ‘बी.ए. (बडोदे)’वर लावला आणि अंगठ्यानं दाबला. “पाटी खोटी नाही. जरा लवकर लागलीय.” मग तिनं बाबांच्या हातातला डबा घेतला आणि उरलेले पेढे स्वतः सगळ्यांना वाटले. चौदाव्या वर्षी मला लाजेनं मेल्यासारखं झालं होतं. आज वाटतं, त्या दिवशी ती जशी उभी होती तसं मला आयुष्यात एकदा जरी उभं राहता आलं तरी पुरे.

ती चिकटपट्टी सहा महिने आमच्या दारावर होती. दूधवाल्यानं विचारलं, केबलवाल्यानं विचारलं, पाहुण्यांनी न विचारता बघितलं. सेक्रेटरी काका जिन्यात भेटले की न चुकता म्हणायचे, “शुं भाभी, पट्टी क्यारे काढशो?” आणि आई तेवढ्याच न चुकता सांगायची, “डिसेंबरमां, काका.” पट्टी मळली की ती नवी लावायची. बाबा येता-जाता पाटीकडे बघायचं टाळायचे. त्यांची वही त्या दिवसांत फडताळातून बाहेर आली नाही. रविवारी ते वाचनालयात जाण्याऐवजी घरी बसून आईची इंग्रजीची उजळणी घ्यायचे, जरी त्यांचं इंग्रजी आईपेक्षा वाईट होतं.

इंग्रजीच्या पेपरात पत्र लिहायला यायचं आणि आईचं घोडं तिथेच अडलं होतं. बाबांनी तोड काढली. “राष्ट्रपतींना पत्र लिही,” ते म्हणाले. “त्यांच्या घरच्या बाईंचं शिक्षण किती झालंय ते विचार. तुला विचारायचंच होतं ना?” आईनं खरंच लिहायला घेतलं. ‘रिस्पेक्टेड सर’पासून ‘युवर्स फेथफुली’पर्यंत. तिनं अशी चाळीसएक पत्रं लिहिली असतील. मी लाल पेननं चुका काढायची आणि खरं सांगते, मार्कशीटचा सगळा सूड तिथे उगवून घेतला. सुरुवातीला पानभर लाल व्हायचं, शेवटी शेवटी मला चूक शोधावी लागायची. त्यातलं एक तरी टपालात टाकू या असं बाबा सारखे म्हणायचे. आईनं टाकू दिलं नाही. “पास झाल्यावर लिहीन,” ती म्हणायची. “बी.ए. म्हणून सही करीन.”

ऑक्टोबरमध्ये तिनं पेपर दिला. डिसेंबरमध्ये निकाल लागला तेव्हा बाबा रजा काढून आमच्याबरोबर आले आणि बोर्डापासून दहा पावलं लांब उभे राहिले. आईचा नंबर मीच आधी बघितला. ओरडले ते मीच. आईनं तीनदा नंबर ताडून बघितला, मग वळून बाबांकडे बघून नुसती मान हलवली. बाबांनी खिशातून रुमाल काढला आणि चष्मा पुसायला लागले. पुसून झाला तरी पुसतच राहिले.

घरी आल्यावर आईनं चिकटपट्टी काढली. खाली चिकट काळा थर जमला होता. तिनं चिंच भिजवून तेवढाच भाग घासला आणि तिची पदवी लखलखायला लागली. बाबांचं नाव वर काळपटच राहिलं. तिनं ते मुद्दाम घासलं नाही असं माझं मत आहे. चिंच संपली होती असं तिचं.

मग सव्वीस जानेवारी आली. या वेळी बाबांनी तक्ता आम्हाला कुणाला दाखवला नाही. त्यांनी तो गॅलरीत दार लावून रंगवला आणि गुंडाळी करूनच खाली आणला. झेंडावंदन झालं, मुलं सतरंजीवर बसली, सेक्रेटरी काका पुढच्या खुर्चीत. आई मागे बायकांमध्ये उभी होती. बाबांनी पिना टोचून तक्ता लावला आणि मला वाचायला खूण केली.

तक्त्यात सगळ्यात शेवटी एक नवा रकाना होता, लाल रंगात: पत्नीचं अथवा पतीचं शिक्षण. खाली जवळजवळ सगळीकडे रेघा. बाबांना मिळालेल्या दोन-तीन नोंदी, बाकी रेघ, रेघ, रेघ. मी एकेक ओळ वाचत खाली आले. नाव, कॉलेज, विषय, पदवी, मध्येच सोडलं का, आणि शेवटी रेघ. मुलं रेघ आली की हसायला लागली, म्हणून मी पण जोरात ‘रेघ’ म्हणायला लागले.

शेवटच्या ओळीत बाबांचं नाव होतं.

मी वाचायला लागले होते म्हणून वाचत गेले. विषय, सायन्स. पदवीच्या रकान्यात बाबांनी त्यांच्या त्या सुरेख अक्षरात लिहिलं होतं: इंटर, नापास. हा शब्द गुजरातीतही तोच. मी तिथेच थांबले. मी बाबांकडे बघितलं. ते हाताची घडी घालून उभे होते. “वाच,” ते म्हणाले. मी वाचला. सोसायटीतली सगळी माणसं, वीस वर्षं ‘इंटरपर्यंत’ ऐकलेली, वळून बाबांकडे बघायला लागली. मध्येच सोडलं का? हो. आणि मग तो लाल रकाना. त्यात रेघ नव्हती. आईच्या माहेरच्या गावापासून सगळं होतं: पादऱ्याहून येऊन कॉलेज, एक वर्ष. नंतर घरी राहून, बी.ए.

आई बायकांमधून पुढे आली. “अहो, नापास कशाला लिहिलंत?” ती हळू आवाजात म्हणाली. “इंटर लिहिलं असतं तरी चाललं असतं.”

“बाकी सगळ्यांचं शोधून शोधून खरं लिहिलं,” बाबा म्हणाले. “तुझं लिहायचं तर ओळ माझ्यापासूनच सुरू करायला हवी होती. मग स्वतःचं कसं खोटं लिहू?”

मला रडू फुटणार होतं. तेवढ्यात पहिल्या रांगेतल्या, आमच्या वरच्या मजल्यावरच्या लहान मुलीनं हात वर केला. तिला त्या ओळीतलं काहीच कळलं नव्हतं, फक्त ती ओळ राष्ट्रपतींच्या तक्त्यात आहे एवढंच दिसत होतं. तिनं बोट दाखवून विचारलं, “आ राष्ट्रपति क्यारे थया?”

हे राष्ट्रपती कधी झाले? सेक्रेटरी काकांनीसुद्धा या वेळी उत्तर दिलं नाही. आईनं तक्त्याकडे बघितलं, मग बाबांकडे, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “आजे ज थया, बेटा.”